वारस थोरला की धाकटा

थंडी आली हे सगळ्यांत आधी लोखंडाला कळतं. माणसं अजून ट्रंकेतून स्वेटर काढत असतात, तेव्हा लोखंड कातायच्या लेथचा बेड रात्रीतून गार पडून बसलेला असतो. सकाळी शटर उघडलं की मी त्यावर तळहात ठेवतो, ही जुनी सवय. यंदा जानेवारीत एका सकाळी ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. बाहेर सातपूरच्या रस्त्यावर धुकं उतरलं होतं. समोरच्या शेडचा दिवा पिवळा डाग होऊन लटकत होता. गंगापूरच्या बाजूने धुराचा वास येत होता. तिकडे द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटवतात, घडांना थंडी बाधू नये म्हणून. तो धूर धुक्यात मिसळतो, मग धूर कुठला आणि धुकं कुठलं ते सांगता येत नाही. त्या वासाने मी दर वर्षी एका हिवाळ्यात जाऊन पडतो आणि दर वर्षी चिडून परत येतो.

तो सत्त्याण्णव सरतानाचा हिवाळा. तेव्हा माझी शेड नव्हती. मी दुसऱ्याच्या कारखान्यात होतो, एका जुन्या लेथवर. त्या लेथला दोन माणसं होती. सकाळी आठ ते रात्री आठ मी, आणि रात्री आठ ते सकाळी आठ भास्कर. भास्कर पेठचा, डोंगरातल्या पाड्यावरचा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. हात असा की मायक्रोमीटर लावायच्या आधी त्याला बोटांनी माप कळायचं. मला ते जमायचं नाही. मला दुसरं जमायचं. भंगारवाल्यापासून मालकापर्यंत कुणाच्याही चेहऱ्यावर मला दिसायचं, की हा भावात अजून किती खाली येईल. दोघांचं मिळून एक पूर्ण कारखानदार होतं, असं मी त्याला म्हणायचो. तो म्हणायचा, “मग तोंड तुझं आणि हात माझे. मी बोलायचंच नाय का?”

बोलायचा मात्र भरपूर, विशेषतः पुस्तकांवर. कामगार वसाहतीत साठेबाई आपल्या पुढच्या खोलीत वाचनालय चालवायच्या. वर्गणी माझ्या एकट्याच्या नावाची, आठवड्याला एक पुस्तक. दोघांना मिळून दोन द्या म्हणून मी पुष्कळ हुज्जत घातली. बाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, “एका वर्गणीत दोघं वाचता ते मी बघून न बघितल्यासारखं करते. आता त्यावर घासाघीस नको.” हरलो असे प्रसंग माझ्या आयुष्यात थोडे आहेत. त्यातला हा एक.

त्या डिसेंबरात आम्ही ‘धुक्याचा वारस’ आणलं. अद्भुत कादंबरी. लेखकाचं पान केव्हाच फाटून गेलेलं, वर ब्राउन पेपर आणि त्यावर बाईंच्या वळणदार अक्षरात नाव. घरी नेईपर्यंत पुस्तकाची पाठ सुटली आणि ते बरोबर मधोमध दोन तुकडे होऊन माझ्या हातात आलं. मी वैतागलो. भास्करला मात्र आनंद झाला.

“बरंच झालं. अर्धं तू घे, अर्धं मी घेतो. दोघांचं एकदमच होईल.”

“अरे, दुसरं अर्धं आधी कसं वाचणार?”

“आमच्याकडं बोहाड्याला, सोंगांच्या जत्रेला, पोरं अर्ध्या रात्री उठून येतात. सोंगं आधी कुठली झाली ते त्यांना नंतर कळतं. काय बिघडतं?”

पहिलं अर्धं मी घेतलं, कारण वर्गणी माझी होती. दुसरं त्याने. आठवड्याच्या मध्ये, सकाळच्या पाळीबदलाला, लेथपाशी उभं राहून आम्ही तुकडे बदलले. त्याच्या तुकड्याला बिडीचा वास होता आणि माझ्या तुकड्याला कूलंटचा, लेथवर ओततात त्या तेलपाण्याचा.

गोष्ट अशी. डोंगरमाथ्यावर धुक्याचं एक शहर आहे. तिथला राजा नाहीसा झाला आहे आणि गादी रिकामी. खालच्या गावातले दोन भाऊ ती गादी शोधायला निघतात. वाटेत दगडाचे पक्षी, पाण्याच्या पायऱ्या, सावली विकणारी म्हातारी. दोघे हातात हात घालून धुक्यात शिरतात, तिथे माझा तुकडा संपला. दुसऱ्या अर्ध्यात धाकटा एकटा खाली येतो. थोरला वर गादीवर बसला आहे, एवढंच त्याच्या तोंडून कळतं. धाकटा घराचं छप्पर शाकारतो, आईच्या चुलीत फुंकर घालतो. मग शेवटच्या पानावर एका सकाळी धुकं डोंगरावरून उतरून त्याच्या उंबऱ्याशी येऊन बसतं. पुस्तक संपलं. वारस कोण, हे त्या लेखक बाबाने कुठेही सांगितलेलं नाही.

मला त्यात प्रश्नच दिसला नव्हता. गादीवर जो बसतो तो वारस. धुकं खाली आलं ते थोरल्याने पाठवलं म्हणून. राजा झाल्यावर घरी निरोप पाठवतात तसं. भास्कर हसला. “पाठवलं कुठं? ते आपल्या पायानं आलं. गादीवरचा बसून राह्यला आणि धुकं निघून आलं धाकट्याकडं. वारस धाकटा.”

मी त्याला सांगितलं, तुला वाचता येत नाही.

पाळीबदलाला पाच मिनिटं मिळायची. फोरमन घड्याळाकडे बघत उभा. एवढ्या वेळात काय वाद होणार? मग तो वाद खडूने चालू झाला. लेथच्या गिअरवरच्या पत्र्याच्या दारावर आम्ही एकमेकांसाठी खडूने लिहायचो. टूल बदललं, चकचा जबडा सैल आहे, वीस जॉब बाकी. आता त्याच्याखाली वेगळं येऊ लागलं. सकाळी येऊन बघावं तर लिहिलेलं, ‘धाकटा. पान शेवटचं परत वाच.’ मी दिवसभर काम करता करता उत्तर जुळवायचो आणि जाताना लिहायचो, ‘थोरला. डोकं वापर.’ कधी तो म्हातारीचा दाखला द्यायचा, कधी मी दगडाच्या पक्ष्यांचा. पोलादाच्या निळसर कुरळ्या पायाशी पडत असायच्या, पट्टा सूं सूं करत फिरायचा, आणि मी अर्धा त्या डोंगरावर असायचो. त्या दिवसांत मी एकही जॉब बिघडवला नाही याचं मला अजून नवल वाटतं.

एकदा फोरमनने मला बाजूला घेतलं. “हा वारस कोण? नवीन ऑपरेटर घेतलाय का? मला कोणी बोललं नाही.”

“नाही साहेब. पुस्तकातला आहे.”

“मग पुस्तकात ठेवा. मशीनवर फक्त माप लिहायचं.”

भास्करने दुसऱ्या दिवशी माप लिहिलं, ‘थोरला, वीस मिलिमीटर कमी.’

शनिवारी सातपूरच्या कारखान्यांची वीज बंद असायची, म्हणून सुट्टीही शनिवारी. सगळं शहर कामाला जात असताना आम्ही दोघे सोमेश्वरला नदीकाठी खडकावर पाय सोडून बसायचो. पाण्यावरून वाफ उठत असायची. पलीकडच्या काठावर कुणी धुणं आपटायचं आणि त्याचा आवाज वाफेतून जरा उशिरा यायचा, जणू आधी विचार करून. त्या खडकावर दोन गोष्टी ठरत होत्या. एक, वारस कोण. ती ठरत नव्हती. दुसरी ठरली होती. जानेवारीच्या शेवटी मी घासाघीस करून एक जुना लेथ उचलणार, छोटी शेड भाड्याने घेणार, आणि आम्ही दोघे भागीत काम सुरू करणार. पाटीवर दोघांची नावं. भास्कर पाण्यात खडे टाकत ऐकायचा. मध्येच म्हणायचा, “आणि भाताची लावणी आली की?” मी म्हणायचो, “भात तुझा बाप लावेल.” तो आणखी एक खडा टाकायचा आणि मग पुन्हा पुस्तकावर यायचा. मला वाटायचं, हरत आलाय.

पुस्तकाची मुदत वाढवून घेतली होती, तीही संपली. मी ते दाभणाने शिवून, पाठीला सरस लावून, रात्रभर व्हाइसमध्ये आवळून ठेवलं. साठेबाईंनी उलटसुलट करून पाहिलं.

“फाडलंत ना?”

“बाई, फाटलेलं तुम्ही दिलंत. शिवून आम्ही आणलं. दंड खरं तर तुमच्याकडून घ्यायला पाहिजे.”

“मोठा आला दंड घेणारा! शिवण मात्र बरी घातलीय.” आणि मग हळूच, “आवडलं का?”

आम्ही दोघे एकदम बोलायला लागलो. बाईंनी दोन्ही बाजू ऐकल्या, रजिस्टरमध्ये खूण केली आणि म्हणाल्या, “मला विचाराल तर लेखकालाही माहीत नसावं. नाव छान वाटलं, ठेवून दिलं.” आम्ही दोघेही त्यांच्यावर इतके चिडलो की बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत आमचं एकमत होतं.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात धुकं जास्तच दाट झालं. त्या गुरुवारी मी कामावर आलो तर भास्कर नव्हता. फोरमन म्हणाला, तुझा जोडीदार पहाटेच निघून गेला. दारावर खडूने लिहिलेलं होतं. वरची ओळ अशी, ‘थोरला मूर्ख. गार दगडावर जाऊन बसला.’ आदल्या रात्रीच पाळी संपवून मी लेथवाल्याशी तीन तास भांडून सौदा पक्का केला होता. घसा बसला होता. आणि हा मला सकाळी सकाळी मूर्ख म्हणतो. माझं डोकं फिरलं. मी मशीन पुसायच्या वेस्टचा, सुती धाग्यांचा, बोळा घेतला आणि दार वरपासून खालपर्यंत पुसून काढलं. मग मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘गादी थोरल्याची. विषय संपला.’

त्या रात्री तो पाळीला आला नाही. शुक्रवारीही नाही. मी म्हटलं, फुगून बसलाय. बसू दे.

शनिवारी टेम्पो आला. लेथ दोरखंडांनी बांधलेला, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दव. मी शेडच्या दारात उभा. टेम्पोवाला विचारतो, “उतरवायला माणसं किती?” मी म्हणतो, “येतोय एक.” धुक्यातून जो माणूस यायचा तो मला भास्कर वाटायचा आणि जवळ आला की दुसराच निघायचा. अकरा वाजता ऊन पडलं, धुकं विरलं आणि रस्ता या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा दिसला. मी नाक्यावरून चार हमाल आणले आणि आयुष्यात पहिल्यांदा ते मागतील ते दिलं. सोमवारी कळलं, भास्कर काम सोडून गावाला गेला. माझ्यासाठी निरोप नाही.

त्यानंतरचं सगळं मी एकट्याने केलं. एकाचे तीन लेथ झाले. दोन वेळा बुडता बुडता राहिलो. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. प्रत्येक वेळी मनात एकच असायचं, की तोंड माझं होतं आणि हातही माझेच वापरावे लागले. नाक्यावरून पेठच्या एसट्या जाताना दिसायच्या. काचा धुळीने माखलेल्या, टपावर टोपल्या. एकीतही मी बसलो नाही. त्याने यायचं होतं. सोडून तो गेला होता.

यंदा त्या गार सकाळनंतर चार दिवसांनी साठेबाईंचा फोन आला. वाचनालय बंद करून त्या मुलाकडे पुण्याला चालल्या होत्या, कपाटं हलवायला माणसं हवी होती. मी स्वतःच गेलो. पुस्तकांचे गठ्ठे बांधता बांधता बाई म्हणाल्या, “तुमचं ते शिवलेलं पुस्तक पार जीर्ण झालं, मागंच टाकून दिलं. पण भास्कर येऊन ते परत वाचून गेला होता, बरं का.”

दोरीची गाठ माझ्या हातातून सुटली. “कधी?”

“तो गेल्यानंतर वर्षभराने असेल. ट्रॅक्टरचं काही सामान न्यायला आला होता. म्हणाला, बाई, मला पहिल्या पानापासून वाचायचंय. तिथं बाकावर बसला दुपारभर. चहा दिला तो गार झाला. जाताना म्हणाला, सरळ वाचलं की हे वेगळंच पुस्तक आहे. माझ्या पुस्तकात शेवटाला दोघं हातात हात घालून वर निघाले होते. थोरला एकटा राहतो हे मला तेव्हा दिसलंच नाही.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तुमच्यासमोर त्याचं नाव काढायची सोय होती का? एकदा काढलं तर तुम्ही माझं स्टूल लाथाडलं होतंत.”

ते खरं आहे. स्टूल मी दुरुस्त करून दिलं होतं, पण लाथाडलं होतं.

घरी येताना आधी मला रागच आला. माझ्या शेडपासून दोनशे पावलांवर तो दुपारभर बसला आणि मला भेटला नाही. मग सिग्नलला थांबलो असताना दुसरं काही मनात उतरत गेलं. आम्ही महिनाभर एकाच पुस्तकावर भांडलो असं मी धरून चाललो होतो. त्याचं पुस्तक घरी परतणाऱ्या माणसापासून सुरू झालं आणि दोघांच्या सोबतीवर संपलं. त्याच्या दृष्टीने घरी जाणं ही सुरुवात होती, पुढे पुन्हा दोघांनी निघायचंच होतं. माझं पुस्तक सोबतीवर सुरू झालं आणि एकट्याच्या उंबऱ्यावर संपलं. खालचा माणूस सुटला तो सुटलाच. तुकडे मीच वाटले होते, आणि समोरच्या माणसाच्या पोटातला भाव ओळखणारा मी, त्याच्या हातात काय दिलं हे इतकी वर्षं पाहिलं नव्हतं. मागून हॉर्न वाजायला लागले. मी खाली उतरून एकाशी भांडलो, तेव्हा कुठे बरं वाटलं.

पुढच्या शनिवारी पेठची एसटी धरली. घाटात धुकं होतं. खिडकीबाहेर साग उभे होते, पानं गाळून, एकेक करून येत होते आणि जात होते. बसमध्ये एक बाई कोंबडी मांडीवर घेऊन झोपली होती आणि कोंबडी जागी होती. मला वाटत होतं, हा रस्ता मी पूर्वी कुठेतरी वाचला आहे.

भास्कर अंगणात खाट विणत होता. केस पिकलेले. मला बघून उठला नाही. हातातली दोरी ताणत म्हणाला, “शनिवार हाय का आज?”

“शनिवारच आहे.”

“बस.”

मी बसलो नाही. अकरा वर्षं जे घोळवून ठेवलं होतं ते सगळं उभ्यानेच बोललो. टेम्पो, दव, हमाल. माणूस मरताना तरी निरोप ठेवतो म्हणालो. भास्करने दोरी सोडली.

“निरोप ठेवला व्हता.”

“कुठे?”

“दारावर. तीन ओळी लिवल्या. एक तुझी थट्टा. खाली लिवलं, बाला झटका आला, अंग लुळं पडलं, मी चाललो. त्याच्या खाली, लेथ महिनाभर थांबव, मी येतो.” तो माझ्याकडे बघत राहिला. “त्याच रातच्या शेवटच्या गाडीनं परत आलो, तुझं उत्तर बघायला. उत्तर व्हतं. गादी थोरल्याची, विषय संपला.”

अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या. माझ्या तळहाताला वेस्टचा तो तेलकट बोळा जाणवला. वरपासून खालपर्यंत एकच हात फिरवला होता मी, जोर लावून.

“मी वरची ओळ वाचली,” मी म्हणालो. “तेवढीच.”

भास्करने सुटलेली दोरी पुन्हा हातात घेतली. मग म्हणाला, “तीन ओळी व्हत्या रं.”

“तू तोंडाने सांगायचं होतंस. उठवायचं होतंस मला.”

“बा पडलेला. रातीला गावचा माणूस सांगत आला, पहाटची जीप सुटत व्हती.”

“मग नंतर यायचंस. बाईंकडे आलास, माझ्याकडे यायला काय झालं?”

“पाटी बघून गेलो. एकच नाव व्हतं तिच्यावर.”

मी खाटेच्या विणलेल्या भागावर बसलो. माझा राग गेला असं मी म्हणणार नाही. तो इतकी वर्षं एका जागी ठेवला होता, आता ती जागा सापडेना एवढंच. डोंगरावरचं धुकं हळूहळू उतरत शेताच्या बांधापर्यंत आलं होतं.

“वारस धाकटाच,” मी म्हणालो. “मला पटलं. गादीवर बसून काही नसतं.”

भास्करने मान हलवली. “नाय. थोरलाच. मी सरळ वाचलं ना नंतर. तो एकटा बसला तिथं, त्याला दुसरं काय हाय? धुकं तरी त्याचं असू दे.”

“अरे, पण ते आपल्या पायाने खाली आलं! तूच म्हणायचास!”

“पाठवलं त्यानं. तू म्हणायचास.”

“मी चुकलो होतो!”

“नाय चुकला. बरोबर व्हता.”

“भास्कर, डोकं फिरवू नकोस. शेवटचं पान आठव.”

आमचे आवाज इतके चढले की त्याची बायको हातातलं सूप घेऊन दारात आली. आत तिचा सासरा लुळ्या अंगाने पाच वर्षं काढून, जमीन मागे ठेवून वारला होता, त्यामुळे वारस हा शब्द ऐकून ती घाबरली. “कसला वारस? जमिनीचं काय झालं? हे कोण आलेत?”

“जमिनीचं काय नाय,” भास्कर म्हणाला, डोळे माझ्यावरून न काढता. “सातपूरचा माझा जोडीदार हाय. तांदूळ दोन मुठी जास्त घाल. याला लवकर पटत नाय.”